खंडेनवमीचा टीव्ही

बिभीषण गुरुजींच्या शाळेत मी पाच वर्षांपूर्वी रुजू झालो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला शाळेचा आरसा दाखवला. दाढीला वापरतात तसला, पत्र्याच्या चौकटीचा. दारासमोर रोवलेल्या खुंटाला तो तारेनं बांधलेला होता आणि त्याच्याजवळ चौथीतली एक मुलगी उभी होती. आरशावरचं ऊन उलटून दारातून आत, थेट फळ्यावर पडत होतं. सूर्य सरकला की ती मुलगी आरसा बोटभर वळवायची. रोज एकाची पाळी. ज्याची पाळी त्याला पोरं 'सूर्यमंत्री' म्हणायची, आणि हे खातं मिळवण्यासाठी खऱ्या मंत्र्यांच्या वरताण भांडणं व्हायची.

आमची शाळा जेऊरपासून आत, उजनीच्या पाण्याकडेच्या वस्तीवर. एकच खोली, वर पत्रा, दोन शिक्षक, पहिली ते चौथीची सतरा मुलं. एकुलत्या एका खिडकीला लागून केळीची बाग, त्यामुळे खिडकीतून उजेडाऐवजी केळीची पानं आत येतात. शाळेच्या डोक्यावरून विजेच्या तारा जातात, त्या पाण्यावरच्या मोटारींसाठी. धरणातलं पाणी दोन कोस वर चढतं, पण खांबावरची वीज वीस फूट खाली उतरत नाही. इमारत बांधताना भिंतीवर मीटरचा डबा बसवला, मीटर बसवायचं राहिलं. त्या डब्यात आता चिमणी राहते.

गुरुजी मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरांच्या घरातले. लहानपणी बापाच्या मेंढरांमागं गावोगाव फिरायचे. जिथं कळप बसेल तिथल्या शाळेच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचं, हाकलेपर्यंत ऐकायचं, असं करत ते चौथीपर्यंत शिकले. म्हणून की काय, उंबऱ्यावर बसलेलं पोर त्यांना बघवत नाही. आणि आमच्या शाळेत उंबऱ्यावर पिंकी बसायची. महिपती मासेवाल्याची मुलगी, तिसरीतली, तोंडानं तिखट. आत बसवलं की म्हणायची, "आत अंदार हाय, मला काय दिसत न्हाय." अंधार होताच. मग ती दारात उजेडाला बसून शेजारणीच्या वहीतलं नाकाजवळ धरून उतरवायची. पावसाळ्यात ढग आले की आमचं मंत्रिमंडळ बरखास्त व्हायचं आणि सगळी शाळाच उंबऱ्यावर यायची.

गुरुजी येत्या मेअखेर रिटायर होणार होते. त्यांची एकच इच्छा होती आणि ती ते दर सोमवारी बोलून दाखवायचे. "शिवकुमार, म्या जायच्या आत वर्गात एक लाईट लागाय पायजे. पिंकी आत बसाय पायजे. मग मी मोकळा." त्यासाठी त्यांनी चार अर्ज केले होते. चारही अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पुढे गेले होते आणि पुढेच राहिले होते.

आता टीव्हीचं सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला आसपासच्या पन्नास शाळांना स्मार्ट टीव्ही वाटले गेले. आधी वीज कुठं आहे ते बघावं आणि मग टीव्ही द्यावा, इतका खालच्या पातळीचा विचार कुणी केला नाही. गुरुजींच्या मंडळींनी जुन्या लुगड्याची खोळ शिवून दिली आणि टीव्ही भिंतीवर खोळीत राहू लागला.

खंडेनवमीला आमच्या वस्तीवर सगळी हत्यारं पुजतात. कोयते, खुरपी, मोटारी, ट्रॅक्टर, महिपतीची जाळीसुद्धा. शाळेत पोरं पाट्या-पुस्तकं मांडतात. गेल्या खंडेनवमीला पिंकीनं विचारलं, "गुरुजी, आपल्या टीवीला न्हाय व्हय पुजायचं? त्यो बी हत्यारच की." गुरुजींना ते पटलं. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं, त्याला एक दिवस विश्रांती द्यायची असते. आमच्या टीव्हीची विश्रांती तीन वर्षं चालू होती, पण म्हणून त्याचा मान का हुकावा? खोळ काढली, काच पुसली, हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. सतरा पोरं हात जोडून समोर बसली. सूर्यमंत्र्यानं आरसा असा काही वळवला की उन्हाचा झोत बरोबर टीव्हीच्या काचेवर पडला. मी फोटो काढला. फोटोत टीव्ही चालू दिसत होता.

इथपर्यंत सगळं निर्मळ होतं. घाण मी केली, ती अशी.

नोव्हेंबरात एका दुपारी शिक्षकांच्या ग्रुपवर निरोप आला: 'डिजिटल शाळा माहिती. सोबतची लिंक आज चार वाजेपर्यंत शंभर टक्के भरणे. न भरणाऱ्या शाळांची नावे वर कळवली जातील.' आमच्याकडे असे निरोप पावसापेक्षा नियमित येतात. शौचालयाचा फोटो, झाडांची उंची, खिचडीच्या डाळीचा रंग. गुरुजींकडे बटणांचा फोन, त्यामुळे हे सगळं माझ्या गळ्यात. रेंज फक्त बांधावर मिळते. तिथं उभा राहून मी लिंक उघडली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. बेचाळीस प्रश्न. पहिला: शाळेत वीज आहे का? मी 'नाही' दाबलं, तर आतून आणखी अकरा प्रश्न आणि चार फोटोंची मागणी बाहेर आली. मी मागं येऊन 'होय' दाबलं. अकरा प्रश्न गडप झाले. तेव्हा मला या लिंकचा स्वभाव कळला. होय म्हणणाऱ्याला ती सोडते, नाही म्हणणाऱ्याची उलटतपासणी घेते. मग मी खालपर्यंत होय, होय, होय करत गेलो. शेवटी 'स्मार्ट वर्ग वापराचा फोटो' आलं. माझ्याकडे एकच फोटो होता. तीन बावन्नला काम फत्ते झालं आणि मी बांधावरून उतरलो.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. सोलापुरात शिक्षकांची तंत्रज्ञान परिषद भरणार होती, आणि परंपरा व तंत्रज्ञान यांचा संगम साधल्याबद्दल आमच्या मुख्याध्यापकांना मनोगतासाठी बोलावलं होतं. सोबत तो फोटो. पत्राच्या तळाशी आणखी एक ओळ होती: वीज नसलेल्या तीस शाळांना परिषदेत सौरसंच देण्यात येतील.

गुरुजींनी ती शेवटची ओळ तीनदा वाचली. वरचा संगम त्यांनी वाचलाच नाही. "म्हंजी आपल्याला त्येच्यासाठीच बोलावलंय की," ते म्हणाले आणि पाचवा अर्ज लिहायला बसले. मी त्यांना पेन दिलं. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर वेळ होती. पण आपली चूक आपोआप दुरुस्त होईल, अशी आशा माणसाला फार असते, आणि मला तर जरा जास्तच आहे.

परिषदेच्या दिवशी शाळा बंद ठेवावी लागली, कारण दोन्ही शिक्षकांना मुलांचा एकही दिवस वाया जाऊ नये यावरचं व्याख्यान ऐकायचं होतं. सकाळच्या गाडीनं जेऊरहून निघालो. गुरुजींनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता आणि वरच्या खिशात अर्ज. कुर्डुवाडी, माढा, मोहोळ, प्रत्येक स्टेशनावर ते खिसा चाचपत होते. मोहोळच्या पुढं त्यांनी मला विचारलं, "संच म्हंजी किती दिवे आस्त्याल रं?"

"तीन-चार असतील, गुरुजी."

"एक फळ्यावर लावू. बाकीचे पोरांवर."

परिषद होटगी रोडवरच्या एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं अर्धी निघाली होती. व्यासपीठावर नवरानवरीच्या दोन सोनेरी खुर्च्या होत्या, त्यांत साहेब लोक बसणार होते. हजेरी कागदावर नव्हती. एका खांबावर चौकोनी ठिपक्यांचं चित्र चिकटवलं होतं, त्यावर मोबाईल धरला की हजेरी लागते. चारशे शिक्षक त्या एका खांबाला झोंबत होते. गुरुजींनी आपला बटणांचा फोन काढून खांबासमोर धरला, जरा वाट पाहिली आणि परत खिशात ठेवला. स्वयंसेवक म्हणाला, "सर, तुम्ही ॲबसेंट दिसताय."

"आरं, म्या हितं हुबा हाय की."

"दिसताय सर, पण सिस्टीमला नाही दिसत."

जेवणाचं कूपनही त्याच हजेरीवर निघणार होतं. मनोगताचे मानकरी म्हणून दुपारी त्यांनी माझ्या ताटातली भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली.

दहाचा कार्यक्रम साडेबाराला सुरू झाला. सूत्रसंचालन मृत्युंजय सरांकडे होतं. मृत्युंजय सर म्हणजे तंत्रस्नेही शिक्षक. त्यांचं चॅनेल आहे, तीन ॲप आहेत आणि त्यांच्या वर्गाला जो कायम शिकवतो तो कंत्राटी शिक्षकही आहे. त्यांनी सांगितलं की यापुढे खडू इतिहासजमा होणार. मग पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी एक तास दहा मिनिटं कृत्रिम बुद्धिमत्तेवर भाषण केलं. यंत्र शिक्षकाची जागा घेणार नाही, असं त्यांनी सात वेळा सांगितलं. आमच्या शेजारचे कल्लप्पा गुरुजी, अक्कलकोटकडचे, तोवर घोरू लागले होते. मी त्यांना ढोसलं तर ते मला कन्नडमध्ये म्हणाले, घेऊ दे की जागा, बदलीही त्यालाच मिळेल. मला हसू आवरेना. गुरुजी मात्र हसत नव्हते, झोपतही नव्हते. सौरसंचाच्या खोक्यांची उतरंड व्यासपीठाच्या कडेला रचली होती आणि त्यांची नजर तिच्यावरून हलत नव्हती.

दुपारी तीनला गुरुजींचं नाव पुकारलं गेलं. मागच्या पडद्यावर आमचा फोटो झळकला, भिंतीएवढा. सतरा पोरं, हात जोडलेले, पुढं झगझगता टीव्ही. मृत्युंजय सर म्हणाले, "तंत्रज्ञानापुढे नतमस्तक होणारी ही ग्रामीण पिढी. गुरुजी, हा चमत्कार कसा घडवलात?"

गुरुजींनी माईक हातात घेतला. मी खुर्चीत आकसलो.

"चमत्कार न्हाय," गुरुजी म्हणाले. "टीवी बंद हाय. आमच्या शाळंत लाईटच न्हाय. खंडेनवमी हुती, म्हणून पूजा केली. ह्यो उजेड टीवीचा न्हाय, आरशाचा हाय."

सभागृहात हशा झाला. लोकांना वाटलं, भाषणाची सुरुवात गमतीनं केली. गुरुजी थांबले, हशा ओसरू दिला आणि मग आरशाचं सगळं सांगितलं. खुंट, तार, पाळी, सूर्यमंत्री. ढग आल्यावर काय होतं तेही सांगितलं. पिंकीचं सांगितलं. "ती पोरगी उंबऱ्यावर बसती. मला मे म्हैन्यात जायचंय. तवर तिला आत बसवायचीय. येवडंच मागणं हाय."

 मला वाटलं, झालं काम, एका म्हाताऱ्यानं खरं सांगून बाजी मारली. तेवढ्यात मोठे साहेब सोनेरी खुर्चीतून उठले आणि त्यांनी माईक घेतला.

"मित्रहो, आपण कोट्यवधींच्या योजना करतो, आणि इथं एका गुरुजींनी दाढीच्या आरशात सौरऊर्जा उभी केली. झिरो कॉस्ट. मेंटेनन्स नाही. या शाळेला सौरसंचाची गरजच काय? ही शाळाच सौर आहे."

टाळ्यांनी पत्रे हादरले. साहेबांनी तिथल्या तिथं विशेष पुरस्कार जाहीर केला. पुरस्कार म्हणून एक स्मार्ट टीव्ही होता, बेचाळीस इंची. गुरुजींनी खिशातून अर्ज काढून साहेबांपुढं धरला. साहेबांनी पेन उघडलं, अर्जाच्या कोपऱ्यावर 'अभिनंदन, असेच कार्य चालू ठेवा' असं लिहून खाली सही ठोकली आणि तो गुरुजींना परत दिला. मग तीस शाळांची नावं वाचली गेली. आमचं नव्हतं. गुरुजी टीव्हीचं खोकं छातीशी धरून एकेक संच जाताना पाहत राहिले. मला त्या माणसाकडं बघवेना.

खाली उतरल्यावर ते रागावले नाहीत. "यादी करणारं कोण हाय, त्येला इचारू," एवढंच म्हणाले. यादी करणारं मंगल कार्यालयाच्या मुदपाकखान्याशेजारी बसलं होतं. राजेश्वरी मॅडम, कंत्राटी डेटा ऑपरेटर, पुढ्यात लॅपटॉप आणि थंड झालेला चहा. दिवसभरात मला तिथं भेटलेलं एकमेव कामाचं माणूस. त्यांनी आमच्या शाळेचा नंबर टाकला.

"गुरुजी, यात तुमच्याकडे वीज आहे."

"न्हाय वो."

"इथं 'होय' भरलंय. म्हणून यादीत नाव नाही आलं."

"मंग न्हाय करा."

"होयचं नाही करता येत नाही. 'होती, पण सध्या बंद' एवढं करता येतं. त्याला कारण निवडावं लागतं." त्यांनी लॅपटॉप आमच्याकडे वळवला. "चोरी, आग, नैसर्गिक आपत्ती."

गुरुजींनी चष्मा लावून तिन्ही कारणं वाचली. "कदीच नव्हती, आसं न्हाय का ह्येच्यात?"

"ते नाही, गुरुजी."

"ह्ये भरलं कुनी?"

राजेश्वरी मॅडमनी वाचलं. माझं नाव, तारीख, तीन वाजून बावन्न मिनिटं. धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी आनंदानं गेलो असतो. मी म्हणालो, "गुरुजी, नाही म्हटलं की अकरा प्रश्न येत होते." बोलताना माझं मलाच ऐकू आलं, आणि लाज वाटली. पाच वर्षं ज्या माणसानं मला भाऊ मानलं, त्याचा उजेड मी अकरा प्रश्नांच्या कंटाळ्यापायी घालवला होता. गुरुजी माझ्याकडं वळलेसुद्धा नाहीत.

मॅडम हळूच म्हणाल्या, "वीज पडली टाका. सगळे तेच टाकतात. काही होत नाही."

"न्हाय," गुरुजी म्हणाले. "चोरी टाका. ती झालीया."

मॅडमनी चोरी निवडलं. लगेच पुढची चौकट उघडली: जबाबदार व्यक्ती. "माजं टाका," गुरुजी म्हणाले. "मुख्याद्यापक म्या हाय." मॅडमचा हात थांबला. मे महिन्यात रिटायर होणाऱ्या माणसाच्या नावानं चौकशी लागली तर त्याची पेन्शन किती वर्षं लोंबकळते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. गुरुजींनाही होतं. मी लॅपटॉप ओढला आणि माझं नाव टाकलं. पाच वर्षांत असल्या लिंकांमध्ये मी भरलेली ही पहिली खरी माहिती होती.

येताना गाडीत दोघांच्या मध्ये टीव्हीचं खोकं होतं. माढा आलं तेव्हा गुरुजी माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "ज्येवलास का न्हाय तू? माज्यामुळं तुजी भाकरी आर्दी झाली." 

मला कारणे दाखवा नोटीस आठव्या दिवशी आली. पुढच्या यादीत नाव लागून सौरसंच यायला मार्च उजाडला. नोटिशीला मी 'चोरी मान्य आहे' असा खुलासा दिला, त्यावर अजून खल चालू आहे, कारण नेमकं काय चोरीला गेलं ते कागदांवरून कुणालाच सापडत नाही.

संच बसवला त्या दिवशी गुरुजींनी घरून पेढे आणले. चार दिवे होते. एक फळ्यावर, तीन पोरांवर. कळ दाबली आणि पहिल्यांदाच मला आमच्या वर्गाचे कोपरे दिसले. पोरं ओरडली. पिंकी सवयीनं उंबऱ्यावर बसली होती. गुरुजी स्वतः गेले, तिचा हात धरून तिला आत आणलं, दुसऱ्या ओळीत बसवलं. मग त्यांनी फळ्यावर ठसठशीत अक्षरात एक ओळ लिहिली आणि म्हणाले, "वाच बरं, पिंके."

पिंकीनं फळ्याकडं पाहिलं. डोळे बारीक केले, मान तिरकी केली. "गुरुजी, दिसत न्हाय."

"आता तर लाईट हाय की."

"हाय. पन फळ्यावर नुसतं पांढरं-पांढरं दिसतंय."

गुरुजी फळ्याला टेकले. तीन वर्षं ती पोर अंधार आहे म्हणत होती आणि तीन वर्षं आम्ही अंधारावर अर्ज करत होतो. अंधार होताच, त्यामुळे आम्हा दोन शिकलेल्या माणसांना पोरीच्या डोळ्यांत बघायचं सुचलं नाही. आणि बेचाळीस प्रश्नांच्या त्या लिंकमध्ये एकोणतिसावा प्रश्न होता: सर्व विद्यार्थ्यांची नेत्रतपासणी झाली आहे का? मी होय दाबलं होतं.

मी ते गुरुजींना तिथंच, पोरांसमोर सांगितलं.  मग त्यांनी पिंकीला पेढा दिला, उद्या तिला घेऊन जेऊरला डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं ठरवलं, आणि पोरांना सुट्टी दिली. आम्ही दोघं बांधावर जाऊन बसलो. गुरुजींनी मला ती लिंक पुन्हा उघडायला लावली, "आता एकेक खरं सांग," म्हणत माझा मोबाईल हातात घेतला, चष्मा लावला आणि बेचाळीस प्रश्नांतला पहिला प्रश्न मोठ्यानं वाचून मला विचारला.